दुखापत झालेल्या खेळाडूला परत मैदानावर कसं आणायचं: संघाची जबाबदारी नव्याने घेणाऱ्यांसाठी

संघाची, क्लबची किंवा शाळेच्या क्रीडा विभागाची जबाबदारी अंगावर आली की आधी साहित्य डोळ्यांसमोर येतं. नवी मॅट, नवी जाळी, जिममध्ये दोन-चार मशिन. ते लागतंच. पण खेळाडूला त्याहून जास्त गरज असते ती काही ठरलेल्या उत्तरांची. आज सरावात गुडघा फिरला तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं? उद्या कुणाकडे जायचं? आणि काही महिन्यांनी ‘आता खेळ’ हे कोण सांगणार, कशाच्या आधारावर? हे ठरलेलं नसेल तर जखमी खेळाडू घरी बसतो. मग तो अर्धवट बरा होऊन घाईने परततो, नाहीतर हळूहळू खेळापासून तुटतो. माझ्या मते परतीचा रस्ता हा सरावाच्या सोयीचाच भाग आहे आणि तो दुखापत होण्याआधीच आखून ठेवावा लागतो.

पुढच्या पायऱ्या ज्यांना वैद्यकीय शिक्षण नाही, पण खेळाडूंची जबाबदारी आहे, अशा व्यवस्थापक, प्रशिक्षक, शिक्षक आणि पालकांसाठी आहेत. उपचार डॉक्टर आणि फिजिओ करतील. बाकीचं बरंच काही तुमच्या हातात असतं.

पहिली पायरी: मैदान पायी फिरून बघा

सराव सुरू होण्याआधी मैदानाची एक चक्कर मारा, तीही खेळाडू पळतात त्या रेषांवरून. खड्डे, वर आलेले दगड, पाण्याच्या नळीचं झाकण, सुटलेला मॅटचा जोड अशा गोष्टी बाहेर उभं राहून दिसत नाहीत, पायाला लागतात. रेषेबाहेरची मोकळी जागा आवर्जून मोजा. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कोर्टभोवती दोन मीटर अडथळामुक्त जागा सांगितली आहे. पूर्ण वेगात आलेल्या खेळाडूला थांबायला जागा लागतेच, त्यामुळे हा आकडा इतर खेळांतही डोक्यात असू द्या. भिंत किंवा खांब हलवता येत नसेल तर त्यावर जाड पॅडिंग लावा.

उचलून ठेवता येणारे गोलपोस्ट जमिनीला घट्ट बांधलेले किंवा मागून वजनाने दाबलेले हवेत. मुलं त्याला लोंबकळतात, तो पुढे कोसळतो, आणि अशा अपघातांत मुलांचे जीव गेले आहेत. या बाबतीत ‘नंतर बघू’ चालत नाही.

जमिनीचा प्रकारही बघा. काँक्रीटवर पातळ मॅट टाकून रोज उड्या मारल्या की नडगी आणि गुडघ्याची तक्रार सुरू होते. खालून थोडी दबणारी लाकडी जमीन शरीराला सोसते. उन्हात कृत्रिम हिरवळ नैसर्गिक गवतापेक्षा खूप जास्त तापते, म्हणून भर दुपारचा सराव तिथे ठेवू नका. मात्र सगळ्यात जास्त त्रास होतो तो जमीन अचानक बदलल्यावर. मातीवर सराव करणारा संघ स्पर्धेच्या आठवड्यात एकदम मॅटवर किंवा टर्फवर उतरतो आणि पोटऱ्या धरतात. बदल करायचाच असेल तर आधीचे दोन-तीन आठवडे थोडा थोडा सराव नव्या जमिनीवर घ्या.

सावली, पिण्याचं पाणी, पुरेसा उजेड, स्वच्छ शौचालय आणि मुलींना कपडे बदलायला दार लागणारी खोली यांना चैनीच्या यादीत टाकू नका. शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुलगी नीट सराव करू शकत नाही.

दुसरी पायरी: आणीबाणीचं पान भिंतीवर लावा

एकच पान, मोठ्या अक्षरात. त्यावर रुग्णवाहिकेचा नंबर, मैदानाचा नेमका पत्ता आणि जवळची खूण, कोणतं फाटक उघडायचं आणि किल्ली कुणाकडे असते, सगळ्यात जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय आणि कामाची वाटणी. फोन कोण करणार, एईडी कोण आणणार, फाटकावर कोण उभं राहणार, बाकीच्या मुलांना बाजूला कोण नेणार. माणूस गैरहजर असला तर त्याच्या जागी कोण, हेही लिहा.

एईडी म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं छोटं यंत्र. ते स्वतःच आवाजात सूचना देतं आणि झटक्याची गरज नसेल तर झटका देत नाही, त्यामुळे ते वापरायला डॉक्टर असावं लागत नाही. पैसे जमवून घ्यायची पहिली मोठी वस्तू हीच असावी, असं मला ठामपणे वाटतं. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब आणि झटका मिळाला नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कुणाचाही धक्का न लागता कोसळला. मैदानावरच छातीवर दाब आणि झटका मिळाल्यामुळे तो वाचला आणि पुढे पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला.

म्हणून हे सगळ्यांना शिकवा: कुणाशी टक्कर नसताना खेळाडू कोसळला आणि हाकेला उत्तर देत नाही, तर हृदय बंद पडलं आहे असंच धरून चाला. हातपाय झटकले गेले तरी ‘फिट आली’ म्हणून थांबू नका आणि मधूनच घेतलेला आचका म्हणजे श्वास समजू नका. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, एईडी येईपर्यंत आणि आल्यावर ते सांगेल तसा.

दुसरी आणीबाणी उष्माघाताची. उन्हात पळणारा खेळाडू अडखळायला लागला, विसंगत बोलायला लागला, चिडला किंवा कोसळला तर घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत टबमध्ये बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल अंगभर टाकत राहा आणि सतत बदला. आधी गार करायचं, मग हलवायचं, हा इथला नियम आहे. पहिल्या अर्ध्या तासात शरीराचं तापमान खाली आलं तर जीव आणि अवयव वाचण्याची शक्यता फार चांगली असते.

या पानाची रंगीत तालीम दर काही महिन्यांनी करा. घड्याळ लावून एईडी आणायला किती वेळ लागतो ते मोजा. कपाटाला कुलूप आणि किल्ली भलत्याच माणसाकडे, हे तालमीतच कळलेलं बरं.

तिसरी पायरी: प्रत्येकाची नोंदवही

आधी झालेली दुखापत हा पुढच्या दुखापतीचा सगळ्यात भक्कम इशारा असतो. म्हणून नवा खेळाडू आला की पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या: आधी काय दुखावलं होतं, ऑपरेशन झालं का, दमा आहे का आणि इनहेलर कुठे ठेवतो, कशाची ॲलर्जी आहे, कोणती औषधं चालू आहेत, घरी फोन कुणाला करायचा. कुटुंबात कुणी तरुण वयात अचानक दगावलं आहे का आणि पळताना कधी चक्कर येऊन शुद्ध गेली आहे का, हे दोन प्रश्न वगळू नका. उत्तर ‘हो’ असेल तर सरावाआधी डॉक्टरांची तपासणी. ही वही कुलपात ठेवा. आरोग्याची माहिती संघाच्या ग्रुपवर टाकायची नसते.

रोजच्या सरावाची नोंद ठेवण्याची एक साधी पद्धत आहे. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं, ‘शून्य ते दहापैकी आज किती जड गेलं?’ तो आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणायचा. साठ मिनिटं सराव आणि जड गेलं सात, म्हणजे ४२०. दिवसांची बेरीज करून आठवड्याचा आकडा काढा. यात जादू नाही आणि या आकड्यावरून दुखापतीचं भाकीत करता येत नाही. पण परीक्षेनंतर परतलेल्या मुलाचा आकडा एका आठवड्यात दुपटीवर गेला आहे हे डोळ्यांसमोर येतं आणि तुम्ही प्रशिक्षकाशी बोलू शकता. शेजारी कालची झोप किती तास आणि अंग किती दुखतंय, एवढे दोन रकाने पुरे. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. पहाटेच्या सरावाची वेळ ठरवताना हे आधी धरा.

मुलींच्या बाबतीत एक प्रश्न संकोच न करता विचारला गेला पाहिजे, शक्यतो एखाद्या बाईंनी आणि एकांतात: पाळी नियमित आहे का? सलग तीन महिने किंवा जास्त पाळी न येणं हे ‘सराव जोरात चाललाय’ याचं लक्षण मानण्याची चूक अजूनही होते. बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो की सरावाला लागेल इतकं खाणं पोटात जात नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. त्यात हाडं कमकुवत होतात आणि ताणाने हाडाला तडा जाण्याचा धोका वाढतो. मुलांनाही हे होतं, फक्त पाळीसारखं ठळक चिन्ह नसतं. अशा वेळी ‘वजन कमी कर’ हे वाक्य मैदानावर कुणाच्याही तोंडून येता कामा नये.

चौथी पायरी: वॉर्म-अपला वीस मिनिटं द्या

फुटबॉलसाठी तयार झालेला ‘११ प्लस’ हा वॉर्म-अप साधारण वीस मिनिटांचा आहे: पळणं, ताकद, तोल, उड्या आणि नीट जमिनीवर उतरणं. ज्या संघांनी तो आठवड्यातून किमान दोनदा नेमाने केला त्यांच्यात दुखापती साधारण तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी ‘नॉर्डिक’ व्यायाम आहे. गुडघे टेकून बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. याने त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. साहित्य काहीच लागत नाही. मात्र सुरुवातीला आठवड्यातून एकदा, पाच-पाचच्या दोन फेऱ्या पुरे. पहिल्याच दिवशी तीस करून घेतले तर पोरांना दोन दिवस जिना उतरता येणार नाही.

पाचवी पायरी: दुखापत झाल्यावरची पहिली दहा मिनिटं

उदाहरणाला घोट्याचंच घेऊ, कारण मुरगळलेला पाय तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा बघावा लागेल.

खेळाडू खाली बसलाय, घोटा दोन्ही हातांनी धरलाय, भोवती गर्दी. आधी गर्दी हटवा. लगेच उठवू नका, दोन मिनिटं जाऊ द्या. बूट आणि मोजा काढून दुसऱ्या पायाशी ताडून बघा. हाड वाकडं दिसतंय, बोटं बधिर किंवा गार आहेत, कातडी फाटून हाड दिसतंय, तर काहीही न हलवता रुग्णालय. तसं नसेल तर एका बोटाने दाबून बघा. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे असतात. त्यांच्या मागच्या कडेवर आणि खालच्या टोकावर दाबा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर जे टेंगूळ लागतं तिथे, आणि आतल्या बाजूला पावलाच्या कमानीच्या वरच्या हाडावर. यातल्या कुठल्याही हाडावर दाबल्यावर कळ आली किंवा खेळाडूला चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवा. ही तपासणी कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ मध्ये मांडली गेली आणि आजही जगभर वापरली जाते. चार पावलं लंगडत टाकली तरी चालतात, हे लक्षात ठेवा. हाड न दुखता फक्त पुढचा मऊ भाग दुखत असेल तर बहुधा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, ताणलेलं असतं.

आता बर्फ. १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी ‘आराम, बर्फ, दाब, उंची’ हे सूत्र लोकप्रिय केलं आणि पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबूही शकतं. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे. म्हणून बर्फ दुखणं कमी करण्यापुरता वापरा: कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, नुसता कातडीवर नाही. लवचिक पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा, पहिले एक-दोन दिवस जपा, आणि मग दुखणं सोसेल तितकी हालचाल सुरू करू द्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळणं आणि शेकणं नको. हे पथ्य घरच्यांनाही फोन करून सांगा, कारण प्रेमापोटी चोळणारे हात घरीच असतात.

काही खुणा ऐकल्यावर वाट बघायची नाही. गुडघ्यात ‘टक्’ आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा फुगला, तर एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, तुटल्याची शंका घ्या. मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, मागे वळून बघतो तर कुणीच नाही, आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, तर टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), म्हणजे ॲकिलिस, तुटलेली असू शकते. मानेला मार लागला असेल तर डोकं धरून ठेवा, हेल्मेट काढू नका, हलवू नका.

डोक्याच्या माराचा नियम वेगळा आणि कडक आहे. शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. सामना कितीही अटीतटीचा असो. बेशुद्ध पडणं हे अशा मारातलं तुलनेने दुर्मीळ लक्षण आहे, त्यामुळे ‘शुद्धीवर होता ना’ हा युक्तिवाद मान्य करू नका. गोंधळलेली नजर, तेच तेच विचारणं, तोल जाणं, डोकं जड होणं एवढं पुरेसं आहे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, वाढती गुंगी, झटके किंवा हातापायांत कमजोरी दिसली तर थेट रुग्णालय. धोक्याचं काही नसलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. नंतरचे २४ ते ४८ तास सौम्य विश्रांती. अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायचं नाही, हलकं चालणं चालतं, मोबाइलचा पडदा मात्र कमी. त्यानंतर पायरीपायरीने: हलका व्यायाम, मग थोडा जोराचा, मग खेळाच्या हालचाली, धक्क्याविना सराव, डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. विद्यार्थी असेल तर आधी वर्गात नीट बसता आलं पाहिजे, मग धक्क्याचा खेळ.

सहावी पायरी: माणसं आणि त्यांच्यातला दुवा

डॉक्टर, फिजिओ, प्रशिक्षक, पालक हे सगळे चांगले असूनही खेळाडू हरवतो, कारण प्रत्येकजण त्याला वेगळं सांगतो. डॉक्टर म्हणतात ‘सहा आठवडे आराम’, फिजिओ म्हणतो ‘आजपासून व्यायाम’, प्रशिक्षक विचारतो ‘रविवारी येतोस ना?’ म्हणून प्रत्येक दुखापतीला एक दुवा नेमा. तो बहुधा तुम्हीच असाल. दर आठवड्याला फिजिओला एकच प्रश्न विचारा: ‘या आठवड्यात मैदानावर तो काय करू शकतो?’ काय करू शकत नाही, ही यादी सगळेच देतात. काय करू शकतो, ही यादी मागून घ्यावी लागते.

एमआरआयच्या अहवालाने घाबरू नका. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या पाठीत आणि गुडघ्यातही झीज आणि फुगवटे दिसतात. ऑपरेशन करायचं की नाही हा निर्णय खेळाडू, घरचे आणि डॉक्टर यांचा. तुम्ही एवढंच करा की घाई असेल तिथे दुसरं मत घ्यायला वेळ मिळेल.

औषधांबाबत एक सावधगिरी. उत्तेजकांची बंदी-यादी जागतिक संस्था ‘वाडा’ दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू करते. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइड गटातली ग्लुकोकॉर्टिकॉइड इंजेक्शनं, सांध्यात दिलेलीसुद्धा, बंदीत येतात. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, डॉक्टरांनी दिलं होतं हे कारण चालत नाही. म्हणून स्पर्धेत तपासणी होणाऱ्या खेळाडूने डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तसं सांगावं आणि खरीच गरज असेल तर उपचारासाठीची सूट आधी मागावी. डब्यातल्या पावडरींमध्ये लेबलवर नसलेले पदार्थही सापडतात, हे मुलांना स्पष्ट सांगा.

सातवी पायरी: परतीचा रस्ता तारखेवर नाही, कसोटीवर

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

‘किती दिवस लागतील?’ हा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. साधा ताणलेला स्नायू दोन-तीन आठवड्यांत परततो. हाडाला सहा-आठ आठवडे आणि वर, शिरेच्या जुनाट दुखण्याला कित्येक महिने. पण ही मुदत म्हणजे त्याआधी नको एवढंच. मुदत संपली म्हणून तयारी झाली असं होत नाही. एसीएलच्या ऑपरेशननंतर परतलेल्या खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालेलं दिसलं. सहाव्या महिन्यात गुडघा दुखत नाही, सूज नाही, मुलगा पळतोय, आणि तरीही तो तयार नसतो. हे घरच्यांना आणि प्रशिक्षकाला ऑपरेशनच्या आठवड्यातच सांगून ठेवा. ऐन स्पर्धेच्या तोंडावर सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

कसोट्या फिजिओ ठरवतो, पण त्या तुम्हाला बघता आल्या पाहिजेत. एक अगदी साधी घ्या. खेळाडूला भिंतीसमोर उभं करा, दोन बोटं भिंतीला टेकलेली, एका पायावर. गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण उचलायची, सावकाश खाली आणायची. मोजा. निरोगी तरुण माणसाला साधारण पंचवीसच्या आसपास जमतात. आकड्यापेक्षा टाचेकडे बघा: दहाव्यानंतर ती अर्धीच उचलली जातेय का, अंग पुढे झुकून भिंतीला रेटतंय का, घोटा बाहेर कलतोय का. मग दुसरा पाय. दुखावलेल्या पायाचे चौदा आणि चांगल्याचे सव्वीस असतील तर तो चालताना कितीही ठीक वाटो, वेगाने पळायला तयार नाही. असंच एका पायावर उडी मारून अंतर मोजतात. साधारणपणे दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्क्यांपर्यंत यावा असं मानतात. यात एक फसगत असते. बसून बसून चांगला पायही कमजोर झालेला असतो आणि टक्केवारी उगाच छान दिसते. म्हणून तिसऱ्या पायरीतल्या वहीत दुखापतीआधीचे आकडे असतील तर ते सोन्यासारखे असतात. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांच्या टाचा आणि उड्या एकदा मोजून ठेवा.

दुखण्याचं काय? अनेकांना वाटतं की जरा दुखलं की थांबायचं. बहुतेक स्नायूंच्या आणि शिरांच्या दुखापतींत व्यायाम करताना दहापैकी दोन-तीन इतकं दुखणं चालतं, अट एवढीच की दुसऱ्या सकाळपर्यंत ते पहिल्यासारखं झालं पाहिजे. सकाळी जास्त दुखत असेल तर कालचा डोस जास्त होता, आज कमी करा, बंद करू नका. ताणाने हाडाला गेलेल्या तड्याला हा नियम लागू नाही, तिथे दुखणं म्हणजे थांबणं.

रस्ता साधारण असा जातो: न लंगडता चालणं, सरळ रेषेत हळू पळणं, वेग, दिशा बदलणं, चेंडूसह किंवा जोडीदारासह पण धक्क्याविना, पूर्ण सराव, काही मिनिटांचा सामना, पूर्ण सामना. पुढची पायरी चढल्यावर सूज आली तर एक पायरी खाली. क्रीडावैद्यक आणि फिजिओथेरपीतल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये मांडलेल्या सहमतीत परतीचे तीन टप्पे आहेत: सरावात भाग घेणं, खेळात परतणं आणि पूर्वीच्या ताकदीने खेळणं. कबड्डीत मॅटवर उतरलेला चढाईपटू दुसऱ्या टप्प्यावर असतो. त्याच्याकडून तिसऱ्याची अपेक्षा केली की तो दुखणं लपवायला लागतो.

परवानगी लेखी ठेवा. कुणी तपासलं, काय आकडे आले, पहिल्या सामन्यात किती मिनिटं. सामन्याच्या दिवशी सकाळी प्रशिक्षकाने आग्रह केला तर तुमच्या हातात कागद असतो आणि खेळाडूला ‘नाही’ म्हणायचा भार एकट्याने उचलावा लागत नाही.

आठवी पायरी: जखमी खेळाडूला घरी पाठवू नका

एसीएलच्या ऑपरेशननंतर पाचातले चार कुठल्या ना कुठल्या खेळात परततात, पण स्पर्धात्मक खेळात परततात ते निम्म्याहून थोडेच जास्त. ताकद परत येते, तरी पुन्हा तुटण्याची भीती राहते. त्या भीतीवर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मैदानावरची सवय न मोडणं.

म्हणून सरावाच्या जागेचा एक कोपरा रिहॅबसाठी, म्हणजे दुखापतीतून सावरण्याच्या व्यायामांसाठी, राखून ठेवा. बाजूच्या खोलीत नको, मैदान दिसेल असा. एक मॅट, तीन-चार ताकदीचे रबर बँड, एक भक्कम पायरी, थोडी वजनं, धरायला भिंत, जमलं तर स्थिर सायकल. बहुतेक दुखापतींच्या मधल्या काळाला एवढं पुरतं. संघ वॉर्म-अप करत असताना तो तिथे स्वतःचे व्यायाम करतो, पाणी प्यायच्या वेळी सगळ्यांत येतो. त्याला खरं काम द्या: सामन्याचं विश्लेषण, धाकट्यांच्या पायांची जागा बघणं, नोंदवही भरणं. गुडघ्याला पट्टा लावून बसलेली मुलगी वॉर्म-अपमध्ये धाकट्या मुलींना उडीनंतर गुडघे आत वळू न देता उतरायला शिकवते, तेव्हा ती स्वतःचंही उतरणं पुन्हा शिकत असते.

‘कधी येतेस?’ हे विचारणं टाळा, तिला तारीख माहीत नसते. ‘या आठवड्यात काय नवीन जमलं?’ विचारा. सलग दोन आठवडे झोप उडालेली, कुणाशी बोलणं नाही, रडू येतं, व्यायामाला दांड्या असं दिसलं तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जाणं हाही रिहॅबचाच भाग, असं घरच्यांशी बोला.

लहान मुलांसाठी थोडं वेगळं

वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि ती लिगामेंटपेक्षा कमजोर असते. म्हणून मुलांच्या ‘मुरगळण्याला’ मोठ्यांसारखं हलकं घेऊ नका. उंची झपाट्याने वाढत असताना गुडघ्याखालच्या टेंगळावर किंवा टाचेच्या मागे दुखणं फार सामान्य आहे. सराव कमी केला की बहुतेकांचं आपोआप जातं. रात्री झोपेतून उठवणारं किंवा खेळाशी संबंध नसलेलं दुखणं मात्र डॉक्टरांना दाखवा. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होऊ नयेत, हा अंदाज सोपा आणि उपयोगी आहे: बारा वर्षांच्या मुलीला बारा तास, शाळा आणि क्लब दोन्ही मिळून. ही बेरीज बहुधा कुणीच केलेली नसते, कारण दोन प्रशिक्षक एकमेकांशी बोललेले नसतात. तुम्ही दोघांना फोन करा.

परतल्यानंतरचे दोन महिने

पूर्ण सामना खेळला की फाइल बंद करायची घाई नको. पहिल्या दोन महिन्यांत तीच जागा पुन्हा दुखावण्याचा धोका जास्त असतो, मांडीच्या मागच्या स्नायूचं तर खासच. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम चालू ठेवा, सरावाचे आकडे बघत राहा, आणि महिन्याने टाचा आणि उड्या पुन्हा मोजून त्याच पानावर आधीच्या आकड्यांखाली लिहा. घोटा मुरगळलेल्यांना तोल सांभाळायचे व्यायाम आणि सामन्यात घोट्याचा पट्टा किमान सहा महिने ते वर्षभर चालू द्या. दोन्हींनी पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. हंगाम संपला की प्रशिक्षक आणि फिजिओला बसवून वर्षभराच्या सगळ्या दुखापती एका कागदावर मांडा: कुणाला, कुठे, कोणत्या जमिनीवर, सरावाच्या कितव्या मिनिटाला. तीन घोटे मैदानाच्या एकाच कोपऱ्यात मुरगळलेले दिसले तर पुढच्या हंगामाचं पहिलं काम कुठून सुरू करायचं ते ठरतं.